जितकं-तितकं

सातवीच्या वर्गाबाहेरचा व्हरांडा. फरशीवर निळ्या खडूने काढलेल्या पाच आडव्या रेघा, एका टोकाला प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभा करून ठेवलेला फोन, आणि दुसरा फोन मुलांच्या हातात. पहिल्या रेघेवर पडद्यावर वायफाय सिग्नलच्या ताकदीचा आकडा आला −३८. गटातल्या एका मुलीने वहीत लिहिलं, एक्स = −३८. गट सरकत सरकत चौथ्या रेघेवर गेला. तिथे आला −५७. तिने पडद्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, कंपासपेटीतून खोडरबर काढला, −३८ अगदी नीट खोडलं, कीस फुंकरीने उडवला आणि त्याच जागी −५७ लिहिलं. शेजारणीला हळूच म्हणाली, "आधीचं चुकलं होतं." जुन्नरकडच्या एका शाळेतला हा अर्ध्या मिनिटाचा प्रसंग. कुणी ओरडलं नाही, कुणी हसलं नाही, तास पुढे सरकला. पण तो रबराचा कीस काही डोक्यातून जाईना.

कारण त्या मुलीने तिला शिकवलं होतं तेच केलं होतं. सहावीत तिची आणि एक्सची ओळख झाली ती अशी : एक्स अधिक ५ बरोबर १२, तर एक्स किती? सात. बरोबर, बस खाली. त्यानंतरची शेकडो उदाहरणं याच साच्यातली. एक्स म्हणजे उशीखाली लपवलेला आकडा. उशी उचलली, आकडा दिसला, खेळ संपला. एका उशीखालून दोन आकडे निघाले तर त्यातला एक चुकलेलाच असणार, आणि चुकलेलं खोडायचं असतं, हे तर पहिलीपासूनचं वळण. पुस्तकात त्याच अक्षराला 'चल' म्हटलेलं असतं. बाई तो शब्द फळ्यावर लिहितात, खाली रेघ मारतात, मुलं व्याख्या उतरवून घेतात. पस्तीस मिनिटांच्या त्या तासात फळ्यावरचा एकही चल बदलत नाही.

नावाने चल, आणि जागचा हलत नाही.

ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात डीटमार क्यूशेमन यांनी शाळकरी मुलं बीजगणितातल्या अक्षराकडे कशी पाहतात याच्या सहा तऱ्हा मांडल्या होत्या. अक्षराला झटकन एक आकडा देऊन टाकणं, अक्षर दिसलंच नाही असं वागणं, अक्षराला वस्तू समजणं, ठरावीक अज्ञात संख्या समजणं, कुठलीही संख्या समजणं आणि सहावी तऱ्हा चल समजण्याची. त्या सहाव्या पायरीवर पोचलेली मुलं थोडीच होती. आपल्याकडे तिसऱ्या तऱ्हेत मुलांना आपणच नेऊन बसवतो. ३अ + २ब म्हणजे तीन आंबे आणि दोन बोरं, त्यांची बेरीज कशी होणार? ऐकायला गोड, आणि त्या दिवसापुरतं कामही भागतं. पण ३अ मधला अ आंबा नाही. तो आंब्यांचा भाव असेल, पेटीतल्या आंब्यांची संख्या असेल, काहीतरी मोजून आलेला आकडा असेल. आंब्या-बोरांवर वाढलेलं मूल पुढे अ गुणिले ब पाशी अडतं, आणि आंबा गुणिले बोर म्हणजे काय हे कुणालाच सांगता येत नाही.

भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या बीजगणितात पहिल्या अज्ञात राशीचं नाव आहे यावत्-तावत्. लिहिताना नुसतं 'या'. आणखी राशी लागल्या तर रंग : कालक, नीलक, पीतक, लोहितक. त्यांची का, नी, पी, लो. सुट्या संख्येच्या आधी 'रू', म्हणजे रूप, आणि संख्या ऋण असेल तर तिच्या डोक्यावर टिंब. रंगांची ही सोय ब्रह्मगुप्तांच्या काळापासून चालत आलेली. मला यातलं शहाणपण असं दिसतं की नीलक म्हणजे कुठलीच निळी वस्तू नसते. 'अ म्हणजे अंतर' म्हटलं की मूल अ ला अंतर नावाची चीज समजून बसतं. 'नी' म्हटलं की विचारावंच लागतं, नी म्हणजे कशाचं माप, आणि कशात मोजलेलं? चाळीसगावजवळ पाटण्याला १२०७ सालचा शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला त्याचा. पाटणादेवीला शाळांच्या सहली जातात, मुलं धबधब्यात भिजून येतात. त्यांच्या वहीतला एक्स कधीकाळी 'या' होता हे त्यांना वाटेत कुणी सांगत नाही.

यावत्-तावत् हा शब्द तिथे अज्ञातासाठी आहे, एवढं मान्य करायला हवं. पण मराठी कानाला त्यात आणखी काही ऐकू येतं. जितकं, तितकं. जितकं लांब जाल, तितकी रेंज कमी. हे वाक्य सातवीतल्या कुठल्याही मुलाला शिकवावं लागत नाही. घरात कुठल्या खिडकीत कांड्या येतात, गोठ्याच्या मागे फोन का लागत नाही, पावसाळ्यात आजोबांना फोन करायला कुठल्या दगडावर चढायचं, हे त्याला पाठ असतं. लॉकडाऊनमध्ये रेंजसाठी टेकडीवर छत्री धरून बसलेली भावंडं त्याने पाहिलेली असतात. एक गोष्ट दुसरीवर अवलंबून असते आणि दोन्ही बदलत्या असतात, हे गणितातलं अवघड वाक्य त्याच्या पायांना ठाऊक आहे, फक्त वहीत उतरलेलं नाही. व्हरांड्यातला प्रयोग त्यासाठीच.

सामान थोडं लागतं, पण निवडून घ्यावं लागतं. अँड्रॉइडचे दोन फोन. शिक्षकांचेच पुरतात, मुलांनी आणायची गरज नाही. एका फोनवर हॉटस्पॉट सुरू करायचा आणि त्याच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झचा बँड निवडायचा. कुणी जोडलेलं नसेल तर हॉटस्पॉट आपोआप बंद व्हावा, हा पर्याय काढून टाकायचा, नाहीतर ऐन मोजणीत तो झोपी जातो. दुसऱ्या फोनवर वायफायची ताकद डीबीएम या एककात दाखवणारं एखादं फुकट अ‍ॅप. आयफोनवरची अ‍ॅपं सहसा हा आकडा दाखवत नाहीत, तेव्हा तो हॉटस्पॉटसाठी ठेवावा. मैदानावरची लांब टेप, खडू, प्लॅस्टिकची दोन स्टुलं आणि फोन उंच ठेवायला पुस्तकांची चळत. वर्गातले लोखंडी सांगाड्याचे बाक या कामाला नकोत. लोखंड वायफायच्या लाटा परतवतं आणि आकडे वेडेवाकडे येतात. रेघा मारायच्या १, २, ४, ८ आणि १६ मीटरवर. १, २, ३, ४, ५ अशा मारल्या तर पहिल्या दोन रेघांत आकडा धाडकन पडतो आणि पुढे हललाच नाही असं वाटतं, मुलांचा उत्साह तिसऱ्या रेघेवर विझतो. दर वेळी दुप्पट अंतर घेतलं की घसरण पायऱ्यांसारखी दिसते. मोजायला लागण्याआधी प्रत्येकाने वहीत अंदाजाचा एक रकाना भरायचा, पेनने. पेनने हे महत्त्वाचं.

पहिली फजिती बहुधा फोनच करतो. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून अ‍ॅपला दोन मिनिटांत चारच वेळा आसपासचं वायफाय चाचपता येतं. मुलं चालत चालत १६ मीटरवर पोचतात आणि पडद्यावर अजून २ मीटरचाच आकडा असतो. लगेच निष्कर्ष तयार : लांब गेलं तरी सिग्नल तेवढाच. उपाय दोन. मोजणारा फोन त्या हॉटस्पॉटला रीतसर जोडून घ्यायचा आणि जोडलेल्या नेटवर्कचा आकडा वाचायचा, तो काही सेकंदांत ताजा होतो. किंवा डेव्हलपर पर्यायांत जाऊन स्कॅनवरचा हा लगाम काढायचा. तरीही रेघेवर पोचल्यावर मनात वीस आकडे मोजून मगच वाचायचं, हा नियम बरा.

दुसरी फजिती मुलांची. नवा आकडा आला की सगळा गट फोनवर ओणवा होतो. माणसाच्या अंगात पाणी पुष्कळ, आणि या लाटा पाण्यात मुरतात. सहा मुलांचं कोंडाळं म्हणजे हॉटस्पॉट आणि फोन यांच्यामध्ये उभी केलेली पाण्याची भिंत. फोन तळव्यात गच्च धरला तरी पाच-दहा डेसिबल, म्हणजे पडद्यावरच्या आकड्यातले पाच-दहा, सहज जातात. म्हणून फोन स्टुलावर, वाचणारा एकच आणि तो फोनच्या मागच्या बाजूला, बाकीचे भिंतीला टेकून. हे सगळं सांगून झाल्यावर मात्र एकदा मुद्दाम कोंडाळं करू द्यावं. मध्ये शून्य मुलं, एक मूल, दोन, तीन. तिथे मुलांची संख्या हाच चल होतो आणि अंतर एका जागी खिळवलेलं राहतं. एकाला हलवायचं तर बाकीच्यांना धरून ठेवावं लागतं, ही गोष्ट मित्राला मध्ये उभं करून जितकी कळते तितकी व्याख्येतून कळत नाही.

तिसरी फजिती खुद्द लाटांची, आणि तीच मला सगळ्यात मोलाची वाटते. फोन त्याच रेघेवर, त्याच स्टुलावर. नुसता चार बोटं बाजूला सरकवला आणि −४९ चं −५७ झालं. मुलं म्हणतात फोन खराब आहे. फोन शाबूत असतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, तिची अर्धी सव्वासहा, म्हणजे बरोबर चार बोटं. एक लाट सरळ येते, एक भिंतीवरून, एक फरशीवरून. कुठे त्या हातात हात घालून येतात, कुठे एकमेकींना पाडतात, आणि या दोन जागांमध्ये काही बोटांचंच अंतर असतं. घरात फोन जरासा हलवला की कांडी येते-जाते ते याच कारणाने. उपाय जुनाच : प्रत्येक रेघेवर पाच वेळा वाचायचं, दर वेळी फोन दोन बोटं सरकवायचा, पाचही आकडे चढत्या क्रमाने मांडायचे आणि मधला घ्यायचा. सरासरी चालते, पण एखादा फारच खोल गेलेला आकडा सरासरीला सोबत ओढून नेतो. मधल्याला त्याची झळ लागत नाही. चढत्या क्रमाने लावतानाच सगळ्यांची परीक्षा होते, कारण −५७ आणि −४९ यांतला मोठा कोण यावर वर्गात खडाजंगी ठरलेली.

ही खडाजंगी लवकर मिटवू नये. पूर्णांक संख्या सहावीत झालेल्या असतात, संख्यारेषा काढलेली असते, तरी "५७ मोठा ना?" असं म्हणणारं कुणीतरी निघतंच. इथे त्याला उत्तर पडद्यावर मिळतं. हॉटस्पॉटजवळ गेल्यावर −३८ येतं आणि लांब गेल्यावर −५७, आणि जवळ सिग्नल जास्त असतो हे तर त्याला मान्यच आहे. मग मोठं कोण? त्यापाठोपाठ प्रश्न येतो की सिग्नल ऋण कसा, म्हणजे शून्याहूनही कमी? एवढं सांगितलं तरी पुरतं : शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट. तिथून दर १० उतरलं की दहावा भाग उरतो. −३० म्हणजे मिलिवॅटचा हजारावा हिस्सा, −६० म्हणजे दशलक्षावा. ऋण चिन्ह सांगतं की शून्याच्या खुणेपासून किती पायऱ्या उतरलो. विहिरीच्या पायऱ्या मोजताना काठाला शून्य म्हणावं, तसं.

मग तक्ता. अशा व्हरांड्यात साधारण असे आकडे येतात : १ मीटरला −३८, दोनला −४५, चारला −४९, आठला −५७ आणि सोळाला −६०. दोन रेघांमधली घसरण ७, ४, ८, ३. मुलांना नियम हवा असतो, आणि हे आकडे नियमासारखे दिसत नाहीत. इथे घाईने सूत्र फळ्यावर टाकण्याचा मोह होतो. त्याऐवजी वर्गाचं दार लावून टॉर्च पेटवावा. पुठ्ठ्याला दोन सेंटिमीटर बाजूचं चौकोनी भोक, एकाच छोट्या एलईडीचा टॉर्च पुठ्ठ्यामागे ३० सेंटिमीटरवर, आणि भिंतीवर आलेख कागद. टॉर्चपासून कागद ६० सेंटिमीटरवर असेल तर उजेडाचा चौकोन चार सेंटिमीटर बाजूचा होतो. बाजू दुप्पट, जागा चौपट, आणि उजेड तेवढाच. म्हणजे प्रत्येक घराच्या वाट्याला पाव. भिंगाचा टॉर्च घेतला तर हा प्रयोग साफ फसतो, कारण भिंग उजेड पसरूच देत नाही. भिंग काढून टाकायचं. अंतर दुप्पट झालं की सिग्नलही असाच पाव होतो. डेसिबलच्या हिशेबात निम्मं म्हणजे ३ ने उतरणं, पाव म्हणजे दोनदा निम्मं, ६ ने उतरणं.

आता रंग बाहेर काढायचे. नी म्हणजे मीटरमधलं अंतर. रेघा निळ्या खडूच्या आहेत त्या उगाच नाहीत. का म्हणजे पडद्यावरचा डीबीएमचा आकडा. आणि या म्हणजे अंतर कितीदा दुप्पट केलं ती संख्या : पहिल्या रेघेवर ०, दुसरीवर १, पाचवीवर ४. घातांक सातवीत येतोच, त्यामुळे नी = २ चा या वा घात हे मुलं आपणहून म्हणतात. आणि मग फळ्यावर येतं, का = −३८ − ६या. जुन्या लिपीत लिहायचं तर या ६ रू ३८, दोन्ही आकड्यांच्या डोक्यावर टिंब. या ला शून्य दिलं तर −३८, एक दिलं तर −४४, मग −५०, −५६, −६२. प्रत्यक्षात आले होते −३८, −४५, −४९, −५७, −६०. कुठे एक इकडे, कुठे एक तिकडे, शेवटी दोनचा फरक. हा फरक झाकायचा नाही. भिंत, छत आणि फरशी लांबच्या लाटांना हात देऊन पुढे ढकलतात, म्हणून व्हरांड्याच्या टोकाला घसरण कमी पडते. मधल्या भिंतीपलीकडे वर्गात जाऊन मोजलं तर उलट होईल, विटांची भिंत आपला पाच-दहाचा कर कापून घेईल. मग सूत्रातला ६ सुद्धा जागेप्रमाणे बदलणारा आकडा निघतो, आणि एखादं चौकस पोर विचारतं की याला पण अक्षर द्यायचं का? द्यायचं की.

आलेख काढताना गंमत होते. आडव्या अक्षावर काही मुलं १, २, ४, ८, १६ हे आकडे सारख्या अंतरावर लिहितात. त्यांची रेघ जवळपास सरळ येते. काही जण प्रमाण धरून काढतात, सोळा खरोखर आठाच्या दुप्पट लांब. त्यांच्या कागदावर वक्र येतो, आधी कडा आणि मग पठार. दोन्ही गट एकमेकांना चूक ठरवतात. दोघांचं बरोबर आहे, पहिल्याने या वर आलेख काढला आणि दुसऱ्याने नी वर. पहिल्या गटाला फक्त अक्षाखालचं नाव बदलायला सांगायचं. पाठ्यपुस्तकातल्या काड्यांच्या चौकोनांनी हे कधी होत नाही. तीन न अधिक एक, चौकोन मांडा, काड्या मोजा, उत्तर दर वेळी चोख. काड्यांचं माझं काही वाकडं नाही, सुरुवात तिथूनच करावी. पण तिथला न इतका आज्ञाधारक असतो की मुलं त्याला पाढा समजतात. सिग्नल वात्रट आहे, आणि वात्रट मुलाकडेच बाईंचं लक्ष राहतं.

ज्या शाळांत मायक्रोबिटचे, म्हणजे रेडिओ असलेल्या छोट्या शिकाऊ संगणकांचे, बोर्ड आले आहेत तिथे एक पायरी पुढे जाता येतं. दोन बोर्ड, प्रत्येकाला दोन ट्रिपल-ए सेल. मेककोड या त्यांच्या प्रोग्रॅमिंगच्या साधनात असा प्रोग्रॅम लिहायचा की एक बोर्ड दर सेकंदाला एक संख्या पाठवतो, दुसरा मिळालेल्या पाकिटाची, म्हणजे रेडिओवरून आलेल्या त्या संदेशाची, ताकद दाखवतो. प्रत्येक जोडीचा रेडिओ ग्रुप वेगळा हवा, ० ते २५५ मधला कुठलाही. नाहीतर सगळ्या वर्गाची पाकिटं एकमेकांच्या दारात पडतात. यात पाठवण्याची ताकद ० ते ७ अशी ठरवता येते. १ पासून ७ पर्यंत दर पायरीला ४ डेसिबल वाढतात, फक्त ० ते १ ही पायरी १० ची आहे. ती वगळून काम करावं. या ताकदीला मुलं लगेच 'पी' म्हणतात, पॉवरचा पी, आणि रंगांचा सगळा डाव फसतो. तिथे पीतक सोडून लोहितक घ्यावा. समजा ताकद ६ असताना एक मीटरवर −५६ आलं. तर का = −८० + ४लो − ६या. लो बदलून पुन्हा सगळ्या रेघांवर मोजलं की आलेखातली अख्खी रेघ उचलली जाते किंवा खाली बसते, तिचा उतार तसाच राहतो. एका मोजणीपुरता लो गप्प बसतो आणि दुसऱ्या मोजणीला जागा बदलतो. फोनच्या सूत्रातला जो −३८ अचल म्हणून मिरवत होता, त्याच्या पोटात असलाच एक लपलेला लो होता, हे इथे उघडं पडतं.

आणि या सूत्राला कुठवर विचारायचं तेही इथेच कळतं. लो १ आणि या ४ घाला, उत्तर येतं −१००. बोर्डावर मात्र काहीच येत नाही, कारण साधारण −९० ते −९५च्या खाली गेलेलं पाकीट त्याला वाचताच येत नाही. त्यात एक फसवणूक लपलेली असते : पडद्यावर शेवटचा मिळालेला आकडा तसाच दिसत राहतो आणि मुलं तो लिहून मोकळी होतात. म्हणून आकडा दाखवून झाला की पडदा पुसण्याची एक ओळ प्रोग्रॅममध्ये घालायचीच. रिकामा पडदा हीही नोंद असते, आणि तक्त्यात शून्य लिहायचं नसतं. शून्य म्हणजे अख्खा एक मिलिवॅट.

वेळ उरला तर स्वयंपाकघराकडे वळावं. स्टीलच्या डब्यात फोन ठेवून झाकण लावलं तर काय होईल? अर्धा वर्ग म्हणतो रेंज जाणारच. पहिल्यांदा सगळे मोजणारा फोन डब्यात घालतात, आणि मग पडदा कसा वाचायचा हा प्रश्न पडतो. हॉटस्पॉटवाला आत, मोजणारा बाहेर. आकडा पडतो, पण बरेचदा जोडणी तुटत नाही, कारण झाकण आणि डबा यांच्या मधल्या फटीतून लाट निसटते. कुकर जास्त घट्ट म्हणून आणला तर त्याच्या रबरी रिंगेने झाकणाचं आणि भांड्याचं धातूचं नातंच तोडलेलं असतं. वाफ अडते, लाट अडेलच असं नाही. डब्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलचे वेढे घालत गेलं आणि दर वेढ्याला मोजलं तर वेढ्यांची संख्या हाही चल होतो, पण फारच हट्टी. पहिल्या एक-दोन वेढ्यांत सगळं होऊन जातं, त्यानंतर तो कितीही वाढला तरी पडद्यावरच्या आकड्याला काही फरक पडत नाही. फॉइलची जाडी नसून उरलेली फट महत्त्वाची, हे त्यातून निघतं. असाही चल असतो हे मुलांना कळायला हवं.

या शाळेपासून खोडद लांब नाही. नारायणगावच्या पलीकडे रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस ताटल्या आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस विज्ञान दिनाला आजूबाजूच्या शाळा तिथे प्रदर्शनाला लोटतात. फोन बंद करा, असं तिथे सांगितलं जातं. मुलांना ती शिस्तीची कटकट वाटते. पण दुपटी मोजायला शिकलेल्या मुलांना एक हिशेब देता येतो. चंद्र पृथ्वीपासून किती दुपटींवर? एक मीटरपासून निघून दर वेळी अंतर दुप्पट करायचं. वहीची दोन पानं भरतात, आणि उत्तर पाहून वर्ग चक्रावतो : अठ्ठावीस दुपटींना सुमारे २ लाख ६८ हजार किलोमीटर, एकोणतीस दुपटींना ५ लाख ३७ हजार, चंद्र या दोहोंच्या मध्ये. या फक्त अठ्ठावीस! आणि का ला विचारलं तर −३८ − १६८, म्हणजे −२०६. त्या ताटल्या ज्या आकाशगंगांकडे कान लावून बसतात त्यांच्यापर्यंत जायला आणखी कितीतरी दुपटी लागतात. शेजारी खिशात −३८ वाला घेऊन उभं राहिलं तर ताटलीला काय ऐकू येईल, हे मग कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

त्या मुलीची वही तीन आठवड्यांनी पुन्हा पाहायला मिळाली. सुरुवातीच्या पानावर खोडलेल्या जागी कागद घासून पातळ झालेला, तिरक्या उजेडात खालचं ३८ अजून वाचता येत होतं. पुढच्या पानावर नी, या आणि का असे तीन रकाने, का च्या रकान्यात प्रत्येक रेघेसमोर पाच-पाच आकडे, काही गिचमीड, एकही खोडलेला नाही. चार मीटरच्या रेघेसमोर लिहिलं होतं −४८, −४९, −७१, −५०, −४९. त्यातल्या −७१ भोवती पेनने गोल, आणि समासात बारीक अक्षरात : तेव्हा शिपाईकाका मधून घंटा द्यायला गेले.